पिठ्या ढेकणावर लेडीबर्ड सोडताय? आधी ढेकूण कोणता ते बघा

जास्वंदी (ठाणे)

घोडबंदर रोड, माजिवडा, तिकडे ऐरोली-नेरूळपर्यंतच्या गच्चीबागवाल्यांकडून पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याबद्दल सध्या एकच तक्रार ऐकू येते. "ऑनलाइन क्रिप्टोलेमसचे भुंगेरे मागवले, सोडले, दोन-तीन दिवस दिसले आणि मग गायब." त्याला जोडूनच पुढचं वाक्य येतं, "हे जैविक नियंत्रण वगैरे शेतात ठीक, आपल्या कुंड्यांत नाही चालत." मला हे अजिबात पटत नाही. कीटकशास्त्र शिकले आहे, सोसायट्यांच्या बागा सांभाळते आणि या भुंगेऱ्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा खोट भुंगेऱ्यात नसते. आपण त्याच्या ताटात जे वाढलेलं असतं ते त्याचं जेवणच नसतं. पांढरं, चिकट, कापूस लागल्यासारखं काहीही दिसलं की आपण सरसकट 'पिठ्या ढेकूण' म्हणून मोकळे होतो. भुंगेऱ्याच्या लेखी त्यात कितीतरी वेगवेगळ्या जाती आहेत. एकीवर तो संसार थाटतो, दुसरीवर पोट भरतो पण अंडी घालत नाही, तिसरीकडे नाइलाज झाल्याशिवाय बघत नाही.

क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा लेडीबर्ड. लाल अंग, काळे ठिपके असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. हा जेमतेम चार मिलिमीटरचा. पाठ काळपट तपकिरी, डोकं, मान आणि मागचं टोक नारिंगी. १८९१-९२ मध्ये अल्बर्ट कोबेले यांनी तो कॅलिफोर्नियात नेला. भारतात तो आला १८९८ साली, आणि कशासाठी आणला हे फार बोलकं आहे. दक्षिणेतल्या कॉफीवर हिरव्या खवले किडीने उच्छाद मांडला होता, तिच्यासाठी. त्या कामात तो सपशेल अपयशी ठरला. पण नाहीसा झाला नाही. पिठ्या ढेकूण आणि कापसासारख्या पिशवीत अंडी घालणाऱ्या काही खवले किडी, यांच्यावर तो रुळला आणि सव्वाशे वर्षं टिकून आहे. भुंगेरा तोच, देश तोच. फक्त समोरची शिकार बदलली.

यातली गोम त्या कापसात आहे. पिठ्या ढेकणाच्या बऱ्याच जातींची मादी शेवटी शेवटी अंगाखाली मेणाच्या तंतूंची पिशवी करते आणि त्यात शेकडो अंडी घालते. क्रिप्टोलेमसची मादी नेमकी तीच पिशवी हुडकते. मेणाचे ते तंतू असले की तिला अंडी घालायची चालना मिळते. नसले तर पोटभर खाऊनही ती अंडी रोखून धरते किंवा जेमतेम घालते. जास्वंदीच्या एखाद्या चुरगळलेल्या शेंड्यावर भिंग धरून बघा. मादी डोकं कापसात खुपसून बराच वेळ हलतच नाही, फक्त पाठीचा मागचा भाग दिसतो. मग वळते, पोटाचं टोक आत सारते आणि पुढे जाते. ती गेल्यावर टाचणीने कापूस उकलला तर ढेकणाच्या गुलाबीसर अंड्यांच्या ढिगात एखाददुसरं फिकट पिवळं, जरा मोठं, लांबट अंडं दिसतं. ते तिचं.

अळी बाहेर येते तीच अन्नाच्या ढिगात. या वेळी तिला मोठी मादी झेपत नाही, शिवाय डिवचलेला पिठ्या ढेकूण पाठीवरून एक चिकट थेंब सोडतो आणि छोट्या अळीचं तोंड त्यात अडकतं. तिला मऊ अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लंच हवीत. चौथ्या अवस्थेत पोचलेली अळी मात्र लहान-मोठं काही बघत नाही, आयुष्यभराच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा ती याच अवस्थेत उडवते. पण तिथपर्यंत पोचायला सुरुवात चांगली व्हावी लागते.

आता आपल्याकडचे ढेकूण. जास्वंदीचे शेंडे गोळा होऊन पानं सुरकुतली असतील तर बहुधा गुलाबी पिठ्या ढेकूण, मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस. चिरडला की लालसर पाणी निघतं. याची पिशवी भरघोस असते, क्रिप्टोलेमस यावर खूश. लिंबू-मोसंबीवरचा प्लॅनोकॉकस सिट्री हाही तसाच. पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी असतील तर फेनाकॉकस सोलेनॉप्सिस, कपाशीवर ज्याने हाहाकार माजवला तो. भेंडी, जास्वंद, टोमॅटो, रस्त्याकडेचं तण, काहीही चालतं त्याला. हा पिशवी करतो पण अंडी फार लवकर फुटतात. पेरू-सीताफळावर दोन लांब शेपट्या आणि अंगावर काचेसारखे केस असलेला दिसतो तो फेरिसिया; त्याची पिशवी म्हणजे अंगाखालचं नुसतं सैल अंथरूण. भुंगेरा त्याला खातो, पण कुंडीतल्या एकट्यादुकट्या झाडावर या ढेकणाच्या जिवावर भुंगेऱ्याची पुढची पिढी उभी राहणं कठीण, असं माझं निरीक्षण आहे. आणि ऑर्किड, घरातले पाम यांच्यावरचा लांब शेपटीचा स्यूडोकॉकस लाँगिस्पायनस तर थेट पिल्लंच घालतो. पिशवीच नाही. तिथे क्रिप्टोलेमस सोडणं म्हणजे पाहुणा बोलावून जेवायला घालून निरोप देण्यासारखं होतं.

म्हणून विनंती, भुंगेरे मागवण्याआधी ढेकूण ओळखा. फोटो टाका इथे, जमेल तेवढी मदत करते.

पामबीच (नेरूळ)

ताई, वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या जास्वंदीवर ढेकणांच्या गर्दीत काही भलेमोठे पांढरे प्राणी आहेत, अंगभर लांब लांब झुपके, आणि हात लावला की चक्क पळतात. माळीदादा म्हणतात हा ढेकणाचा बाप, आधी यालाच मारू. मारू का?

जास्वंदी (ठाणे)

नका, नका! ते क्रिप्टोलेमसच्या अळीचं वर्णन आहे. ती अळी स्वतःच्या अंगावर मेणाचे झुपके वाढवते आणि ढेकणासारखी दिसते. ओळखायची खूण चाल. पिठ्या ढेकूण एका जागी सोंड खुपसून बसलेला असतो, हललाच तर रेंगाळत. अळी लगबगीने फिरते. तिचे झुपके लांब, वेडेवाकडे, विस्कटलेले. ढेकणाच्या कडेचे तंतू आखूड आणि ओळीत. पूर्ण वाढलेली अळी ढेकणाच्या मादीच्या दुपटी-तिपटीहून मोठी, सव्वा सेंटीमीटरपर्यंत जाते. पानाच्या मागे किंवा खोडाच्या बेचक्यात पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेले कोष दिसले तर तेही राहू द्या. माळीदादांना भिंगातून एकदा दाखवा, मग तेच जपतील. तुम्ही भुंगेरे सोडले नसतील तर ही मंडळी आपणहून आली आहेत, ही तर आनंदाची बातमी.

द्राक्षबाग (ऐरोली, मूळ नाशिक)

चांगला धागा. आमच्याकडे भावाची द्राक्षाची बाग आहे, तिथल्या अनुभवावरून थोडी भर.

द्राक्षावर मुख्यतः गुलाबी पिठ्या ढेकूणच असतो, म्हणजे ताईंच्या हिशेबाने क्रिप्टोलेमसच्या आवडीचा. तरी काही बागांत चालतो, काहींत नाही. पहिलं कारण मुंग्या. ढेकूण जो गोड चिकट स्राव सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, भुंगेऱ्याला अंडी घालू देत नाहीत. अळीला तिच्या मेणाचं थोडं संरक्षण आहे, प्रौढ भुंगेऱ्याला नाही. म्हणून आधी खोडाला चिकटपट्टी, मग भुंगेरे. दुसरं कारण फवारणी. ब्युप्रोफेझिन प्रौढ भुंगेऱ्याला लगेच मारत नाही, त्यामुळे लोकांना ते सुरक्षित वाटतं. पण ते कात टाकण्यावर घाव घालणारं औषध आहे. ढेकणाच्या पिल्लांना कात टाकता येत नाही, तसंच भुंगेऱ्याच्या अळ्यांनाही.

ढेकूण सालीखाली दडलेला असतो तेव्हा भुंगेऱ्याला अन्न समोर असून मिळत नाही. भाऊ छाटणीनंतर ढिली साल काढून टाकतो. त्याचा फायदा स्पष्ट दिसतो.

वालाची शेंग (खारघर)

माझ्या बाल्कनीत वालाच्या वेलावर काळा मावा भयंकर झालाय. याच भुंगेऱ्याने जाईल का? दोन्ही किडी रस शोषणाऱ्याच ना?

जास्वंदी (ठाणे)

क्रिप्टोलेमस भुकेला असला तर मावा खाईल, पण त्यावर त्याचा वंश नीट वाढत नाही. लेडीबर्डवर आयुष्यभर काम केलेले चेक शास्त्रज्ञ इव्हो होडेक यांनी हा फरक फार नेमका मांडला होता. एखादं भक्ष्य भुंगेरा खातो म्हणजे ते त्याला पुरतं असं नाही. ज्यावर अळ्या पूर्ण वाढतात आणि माद्या अंडी घालतात ते अत्यावश्यक भक्ष्य; ज्यावर नुसता जीव तगतो ते पर्यायी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे भुंगेरा खातानाच दिसतो, म्हणून फसगत होते.

तुमच्या वालासाठी आपलाच चेलोमेनिस सेक्समॅक्युलाटा हा लेडीबर्ड आहे की. पिवळसर नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. खारघरला टेकडीच्या बाजूला भरपूर सापडेल. वाल-चवळीवरचा काळा मावा हे त्याच्यासाठी उत्तम अन्न. पण तोच भुंगेरा रुईवरच्या पिवळ्या माव्यावर वाढवला तर अळ्या रेंगाळतात, जास्त मरतात, कारण तो मावा रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतो. लखनौ विद्यापीठात लेडीबर्डच्या आहारावर वर्षानुवर्षं काम झालंय, त्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. शिकार कोणती एवढंच नव्हे, ती शिकार कोणत्या झाडावर पोसली गेली यानेही फरक पडतो.

आणि एक. वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा, मळकट, बारीक लव असलेला भुंगेरा दिसला तर तो मित्र नाही. लेडीबर्डच्याच कुळातला, पण पानं खाणारा.

भोपळेवाले काका (ठाणे, नौपाडा)

जास्वंदीताई, तुमचं लिखाण वाचून जुने दिवस आठवले. मी नोकरीची बरीच वर्षं मित्रकीटक वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काढली. भक्ष्याचा प्रश्न तिथे रोजचा होता, कारण भुंगेरे वाढवायचे म्हणजे आधी त्यांचं अन्न वाढवायचं.

आपल्याकडे हे काम लाल भोपळ्यावर चालतं. भोपळा निवडताना खोलगट फाकी असलेला, देठ शाबूत असलेला घ्यायचा. फाकींच्या खाचांत ढेकणाची पिल्लं छान बसतात. बुरशीनाशकाच्या पाण्यात धुवायचा, कुठे जखम असेल तर मेणाने बुजवायची, नाहीतर ढेकूण वाढण्याआधी भोपळाच सडतो. मग गुलाबी ढेकणाच्या किंवा लिंबावरच्या ढेकणाच्या अंड्यांच्या पिशव्या त्यावर ठेवायच्या. पिल्लं पसरली, वाढली, त्यांनी पांढऱ्या पिशव्या केल्या की मग भुंगेऱ्यांच्या पिंजऱ्यात भोपळा ठेवायचा. साधारण एक दिवस. माद्या अंडी घालून घेतात. बाहेर काढून वेगळा ठेवला की काही दिवसांत अळ्या दिसू लागतात, भोपळ्यावरचा पांढरा थर पातळ होत जातो. २५ ते २७ अंशांत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत महिनाभर लागतो.

यात सगळ्यात नाजूक क्षण कुठला माहीत आहे? पिशव्या कोवळ्या असताना भुंगेरे सोडले तर अंडी कमी, उशीर केला तर ढेकणाची अंडी फुटून गेलेली आणि छोट्या अळ्यांना पुरेसं कोवळं अन्न नाही. आणि अन्न कमी पडलं की अळ्या एकमेकींना खातात. एका भोपळ्यावर किती माद्या सोडायच्या हे हाताला कळायला वेळ लागतो.

भोपळा महाग, जागा खूप, सडण्याची भीती. म्हणून पर्याय शोधायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात क्रिप्टोलेमस पिठातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवून बघितला. अळ्या वाढतात, भुंगेरे होतात. पण माद्यांपुढे प्रश्न तोच, मेणाचे तंतू नाहीत तर अंडी कुठे घालणार? त्यांनी कृत्रिम तंतूंचा कापूस ठेवून पाहिला आणि माद्यांनी त्यात अंडी घातली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. भोपळ्यावर आपण डोळ्यांनी बघत होतो तेच तिथे वेगळ्या वाटेने सिद्ध झालं: पोटाला लागणारं अन्न वेगळं आणि अंडी घालायला लागणारी जागा वेगळी.

जास्वंदी (ठाणे)

काका, हे असलं कुठल्या पुस्तकात मिळत नाही. विकत घेणाऱ्यांनी यातून एक प्रश्न उचलावा: विक्रेत्याला विचारा, भुंगेरे कोणत्या ढेकणावर वाढवलेत? आयुष्यभर गुलाबी ढेकूण खाल्लेला भुंगेरा दुसऱ्या जातीवर सोडला की त्याला सरावायला वेळ लागू शकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तो बसला नाही म्हणून लगेच निकाल लावू नये.

येऊरची वाट (ठाणे)

माहिती उत्तम आहे, पण मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. परदेशी कीटक सोडायची एवढी घाई का? आपल्याकडे पिठ्या ढेकणावर जगणारे स्थानिक कीटक कमी आहेत का? स्किम्नस, नेफस या जातींचे बारीक तपकिरी लेडीबर्ड आहेत, दोन मिलिमीटरचे, कोणाच्या नजरेत येत नाहीत. एपफ्लाय नावाचं फुलपाखरू आहे, स्पॅल्जिस एपियस. त्याची अळी पानं खात नाही, पिठ्या ढेकूणच खाते, अंगावर ढेकणाचंच मेण पांघरते. कोष बघाल तर अगदी माकडाच्या तोंडासारखा. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत जास्वंदी-पपईवर मी ते पाहिलंय. फवारणी बंद केली तर ही मंडळी येतात.

आणि क्रिप्टोलेमस काय खाईल हे नेहमी आपल्या हातात राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत फड्या निवडुंगाचा नायनाट करायला कोचिनील कीड सोडली होती. ती कीडही पांढऱ्या मेणाखाली राहते. क्रिप्टोलेमसने तिलाच खाल्लं आणि निवडुंगाच्या नियंत्रणात खोडा घातला. त्याला उपयुक्त काय आणि उपद्रवी काय हे कळत नाही, त्याला मेण कळतं.

जास्वंदी (ठाणे)

कोचिनीलचं उदाहरण अगदी योग्य आहे. भुंगेऱ्याला 'पिठ्या ढेकणाचा शत्रू' हे लेबल आपण लावलंय, त्याच्या दृष्टीने मेणाखालचा मऊ, बसका कीटक एवढीच व्याख्या आहे.

स्थानिकांबद्दल पूर्ण सहमत. स्किम्नस कॉक्सिव्होरा तर इतका गुणी की १९९० च्या दशकात कॅरिबियन बेटांवर गुलाबी ढेकूण पोचला तेव्हा क्रिप्टोलेमसबरोबर तोही भारतातून तिकडे पाठवला गेला. शिवाय त्याचा एक फायदा म्हणजे ढेकूण कमी असतानाही तो तग धरतो, क्रिप्टोलेमसला मात्र गर्दी लागते. दाट प्रादुर्भाव असेल तर तो झपाट्याने संपवतो आणि विरळ झाला की उडून जातो.

पण एक सांगते. क्रिप्टोलेमस आता परका राहिलेला नाही, १८९८ पासून इथलाच आहे. तो इथे आणावा का, हा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. माझ्यापुढे प्रश्न असतो तो एखाद्या सोसायटीत सगळी जास्वंद पांढरी पडली आहे आणि सेक्रेटरी उद्या विषारी फवारणीवाल्याला बोलावणार आहेत, तेव्हा काय करायचं. त्या क्षणी मी भुंगेराच सुचवते.

येऊरची वाट (ठाणे)

तेवढ्यापुरतं मान्य. तरी दर वर्षी विकत आणून सोडणं मला पटत नाही. बागेत थोडे ढेकूण राहू द्यायला शिकलं पाहिजे, तरच खाणारे राहतील. यावर आपलं जुळणार नाही बहुधा, पण चर्चा आवडली.

पपईवेडा (कोपरखैरणे)

पपईच्या झाडावर फळांना पांढरा थर बसलाय, खाली चिकट पाणी, पानांवर काळी बुरशी. भुंगेरे मागवायचेच होते, तेवढ्यात हा धागा दिसला.

जास्वंदी (ठाणे)

दोन-चार ढेकूण मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये टाकून ठेवा. मूळचे पिवळसर असतील आणि एक-दोन दिवसांत निळसर काळे पडले तर पपईचा पिठ्या ढेकूण, पॅराकॉकस मार्जिनेटस. हा मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेचा. भारतात प्रथम २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि मग पपई, तुती, जास्वंद सगळीकडे पसरला.

क्रिप्टोलेमस याला खातो. पण याची खरी नाडी सापडली ती एका चिमुकल्या गांधीलमाशीवर्गीय कीटकाला, ॲसेरोफेगस पपाये. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने तो प्युर्टो रिकोहून आणला, राज्याराज्यांत सोडला आणि प्रादुर्भाव अक्षरशः ओसरला. भारतातल्या जैविक नियंत्रणाच्या सर्वांत देखण्या यशांपैकी हे एक. तो ढेकणाच्या शरीरात अंडं घालतो आणि आतून वाढतो. त्यामुळे तुमच्या झाडावर तपकिरी, फुगलेले, कडक झालेले आणि गोल भोक पडलेले ढेकूण दिसताहेत का ते भिंगाने बघा. दिसले तर काहीही फवारू नका आणि पैसेही खर्च करू नका. खूप माखलेली फळं तेवढी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा.

पपईवेडा (कोपरखैरणे)

बघितलं. भोकं पडलेले आहेत, बरेच! थांबतो मग.

सेक्रेटरी काका (वाशी)

आमच्या आवारात जुने पर्जन्यवृक्ष आहेत. काही वर्षांपूर्वी मुंबई-ठाण्यात हे वृक्ष पिठ्या ढेकणाने वाळल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हापासून धास्ती आहे. यंदा एका झाडाच्या वरच्या फांद्या निष्पर्ण झाल्यात आणि खाली पार्किंगमधल्या गाड्यांवर चिकट थर पडतो. इतक्या उंच झाडावर भुंगेरे सोडून उपयोग होईल? सभेत सदस्य विचारतात, उत्तर देता येत नाही.

जास्वंदी (ठाणे)

काका, आधी नमुना. चिकट थर मावा, तुडतुडे, खवले कीड कशानेही पडतो. वाळलेल्या भागाजवळची फांदी माहितगार माणसाकडून काढून घ्या, कीड डबीत भरा आणि कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाला दाखवा. कोकणासाठी दापोलीचं विद्यापीठ आहे. फांद्या सुकायला मुळाभोवतीचं काँक्रीट, खोदकाम, बुरशी अशीही कारणं असू शकतात. ढेकूणच निघाला आणि पिशवी करणाऱ्या जातीचा निघाला, तर उंची ही अडचण नाही, भुंगेऱ्याला पंख आहेत. खोडावर खालपासून मुंग्यांची रांग दिसत असेल तर तिचा बंदोबस्त आजच करा, त्याला निदानाची वाट बघायची गरज नाही. आणि खोडात इंजेक्शन देऊन आंतरप्रवाही विष भरण्याचा प्रस्ताव सभेत आलाच, तर तेच विष रसातून ढेकणात आणि ढेकणातून भुंगेऱ्यात जाऊ शकतं हे सदस्यांना सांगा. दोन्ही उपाय एकदम करता येत नाहीत.

द्राक्षबाग (ऐरोली, मूळ नाशिक)

सोडायची वेळ लिहाल का कोणी? नवीन लोक भर दुपारी डबी उघडतात.

भोपळेवाले काका (ठाणे, नौपाडा)

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. डबी झाडाच्या आतल्या बाजूला, ढेकणांच्या अगदी जवळ उघडायची. पाठवलेल्या डबीत भुंगेरे उपाशी असतात, समोर अन्न दिसलं तर तिथेच थांबतात. शक्य असेल तर प्रौढांऐवजी अळ्या मागवा. अळीला उडता येत नाही, जिथे सोडाल तिथे खाते. साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर ते वाळून काही दिवस जाऊ द्या आणि झाड साध्या पाण्याने धुऊन घ्या. एप्रिल-मेच्या तापलेल्या गच्चीवर आणि जुलैच्या मुसळधारेत सोडू नये. पाऊस ओसरल्यावर, हवा स्थिर झाली की उत्तम.

बाराव्या मजल्यावरून (ठाणे, घोडबंदर रोड)

ताई, फोटो टाकलाय. घरातल्या ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात आहेत. शेपटी अंगाएवढी लांब दिसते. भुंगेऱ्यांची ऑर्डर कार्टमध्ये तयार आहे, देऊ का?

जास्वंदी (ठाणे)

नका देऊ. फोटोत अंड्यांची पिशवी कुठेच नाही, मादीच्या बाजूला थेट पिल्लं दिसताहेत. हा लांब शेपटीवालाच. बंद घरात भुंगेरे एक-दोन दिवस खातील आणि खिडकीच्या काचेवर जाऊन बसतील. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये भिजवा आणि बेचक्यात, पानाच्या मागे, कुंडीच्या काठाखाली एकेक टिपून काढा. दर आठवड्याला, नवीन पिल्लं दिसायची थांबेपर्यंत. ते ऑर्किड बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा आणि मुळं एकदा उघडून बघा. तिथे पांढरं दिसलं तर कुंडीतलं माध्यम बदलावं लागेल, त्याचा फोटो टाका.